किमयाच्या सुपारीचा जिताडा

भर मे महिन्यात वडखळ नाक्यावर कानटोपी आणि लांब बाह्यांचा स्वेटर घालून सायकल हाकणारा माणूस दिसला, तर तो जनू घरत. वेडा नाही तो. निदान त्याची बायको काशीबाई तरी तसं शपथेवर सांगते, आणि तिच्यापेक्षा त्याला जास्त कोण ओळखणार? जनू हाशिमशेठच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. आत उणे अठरा, बाहेर अंगाची लाहीलाही. दिवसभर या दोन्हींत ये-जा करायची, तर माणसाने स्वेटर काढायचा कधी आणि घालायचा कधी? हसायचं त्यांनी हसावं म्हणून त्याने तो अंगावर ठेवला, तो आता झोपतानाच काय तो उतरतो.

जनूचा बाप मिठागरात राबून गेला. त्या घरात मासळी टिकवायची म्हणजे मीठ चोळायचं आणि उन्हात टाकायची, तिसरा मार्ग नाही. घराला वास, कपड्यांना वास, शाळेच्या दप्तराला वास. मिठागरं बंद पडली तसा जनू पेणच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला लागला. मग हाशिमशेठ कुवेतहून परत आला. "तिकडं वाळवंटात मी ताजी कोळंबी खाल्ली, आणि इथं खाडीच्या काठावर शिळी खायची? लाज वाटली पाहिजे आपल्याला," असं म्हणत त्याने हायवेला लागून ती भलीमोठी थंड खोली बांधली. जनू पहिल्या दिवशी आत गेला, मागे दार लागलं, आणि खोलीभर मासळी असून नाकाला काही म्हणजे काही लागेना. जनू तिथेच गार पडला. म्हणजे प्रेमात.

तेव्हापासून त्याने जगाला पकडून पकडून शिकवायला घेतलं. "थंडी मासळीला चांगली करत नाय," तो सांगायचा. "तुमी जशी दिली तशी ती परत देते. जंतू आत मरत नाय, झोपतात. दार उघडं टाकलं की उठतात, आणि उठल्या उठल्या त्यांना भूक लागलेली असते." ऐकणारा बिचारा एसटीची वाट बघत असायचा. त्याला ना मासळी ठेवायची असायची, ना काढायची.

एकदा मंगळूरकडून बांगड्यांची गाडी आली. गाडीवरच्या थंडीच्या मशीनचा आकडा चोख, ड्रायव्हरचा चेहरा त्याहून चोख. जनूने एक पेटी उचलून तिचा तळ बघितला. खाली एका कोपऱ्यात पाणी साचून पुन्हा गोठलेलं. "रस्त्यात मशीन बंद करून झोपलास," जनू म्हणाला. ड्रायव्हरने आईची शपथ घेतली, मग बायकोची घेतली. जनू म्हणाला, "तू शपथा घे, बर्फ खोटं बोलत नाय." सगळी गाडी परत गेली. हाशिमशेठने कपाळाला हात लावला, पण जनूला कामावरून काढलं नाही. त्या बांगड्यांच्या पायी पुढे कुठेतरी अख्खं लग्नघर आजारी पडलं असतं, हे त्यालाही कळत होतं.

इथवर ठीक होतं. पण गावात कुणी वारलं, मुलगा मस्कतहून यायचा म्हणून मयत काचेच्या थंड पेटीत ठेवलं, तर तिथेही जनू पेटीच्या उशाशी उभा. बायका शेवटचं तोंड बघायला झाकण उघडायच्या. "सारखं सारखं उघडू नका गो! एकदाच काय ते रडून घ्या," जनू ओरडायचा. लोकांनी त्याला तिथून हाताला धरून बाहेर काढलं. बाहेर येऊनही तो खिडकीतून आत डोकावत होता.

तर अशा या माणसाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, आणि ते ठरत होतं नेमकं बाबाजी भोईराच्या घरात.

बाबाजी भोईर म्हणजे रोह्याच्या मासळीबाजाराची धास्ती. दर रविवारी तो बाजारात जायचा, टोपल्यांत नाक घालायचा, कल्ले उघडून बघायचा आणि नाक मुरडून पुढे सरकायचा. तो दिसला की कोळणी टोपल्यांवर फडकी टाकायच्या. विकत त्याने कधी काही घेतलं नाही, कारण त्याच्या पसंतीला उतरेल असा मासा अजून जन्माला यायचा होता. घरची मासळी त्याची बायको सीताबाई आणायची, आणि तिने आणलेली मात्र दरवेळी ताजी फडफडीत निघायची. "पहिल्या घासाला सांगतो, मासळी कुठल्या भरतीची," बाबाजी चारचौघांत म्हणायचा. "बर्फातली मासळी म्हणजे मढं. आमच्या उंबऱ्याच्या आत यायची नाय."

त्याचा धाकटा मितेश रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा. पेणला संगणकाच्या क्लासमध्ये त्याची आणि जनूच्या किमयाची ओळख झाली आणि दोघं एकमेकांवरून जीव ओवाळायला लागली. घरच्यांनी बघाबघी केली, पोरगी पसंत पडली. मुलीचा बाप काय करतो, असं बाबाजीने विचारलं तेव्हा काशीबाई पटकन म्हणाली, "कंपनीत हायेत." कसल्या, ते कुणी विचारलं नाही. आता राहिली होती फक्त सुपारी. एकदा सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग कुणाचं काही चालत नाही.

आणि सुपारीला खाडीकाठच्या या खारेपाटात व्याह्याच्या पानात जिताडा लागतो. दुसरा मासा वाढला तर व्याही वरवर हसतो आणि मरेपर्यंत काढून दाखवतो. जनूने तळ्यात किमयाच्या नावाने एक जिताडा वाढवला होता, लहानाचा मोठा केलेला. पण पावसाळ्यात उधाणाने बांध फुटला, तळं शेतात आणि शेत खाडीत गेलं. किमयाचा जिताडा शेजाऱ्याच्या भातात तडफडताना सापडला. जनूने तो उराशी धरून पळत पळत नेला आणि हाशिमशेठच्या खोलीत सगळ्यात आतल्या फळीवर, जिथे दाराची हवा लागत नाही तिथे ठेवला. तेव्हापासून तो तिथेच होता, अगदी होता तसा.

बाबाजीचा निरोप आला, "जिताडा माझ्यासमोर तळ्यातून निघाला पाहिजे. जाळं मी टाकीन."

काशीबाईने तळ्याकडे बघितलं. तळ्यात आता बेडकांशिवाय कुणी नव्हतं.

"बाबा," किमया जनूच्या गुडघ्याशी बसून म्हणाली, "मला दुसरीकडं नाय जायचं. तुमी फक्त एक दिवस थंडीबद्दल काय बोलू नका. एकच दिवस." तिचे डोळे भरले होते. पोरगी कधी काही मागत नसे, आणि आता मागितलं तर हे. जनूने कानटोपी काढून हातात घेतली आणि मान डोलावली. लेकीसाठी त्याने आयुष्यात पहिल्यांदा एका माशाबद्दल खोटं बोलायचं ठरवलं.

बेत काशीबाईचा होता. गोठलेला जिताडा तळ्यात सोडायचा, बाबाजीने जाळं टाकायचं, मासा निघायचा, सुपारी फुटायची. इतका सरळ बेत असून जिताडा ऐकेना. पाण्यात टाकला की भसकन वर यायचा आणि पोट आभाळाकडे करून तरंगायचा. तीनदा दाबला, तीनदा वर आला. शेवटी काशीबाईने चुलीमागची वीट आणली. मासा विटेला बांधला आणि दोघांनी मिळून त्याला बुडवलं. पाहुणे सकाळच्या गाडीने येणार, पेणहून रिक्षा करणार, म्हणजे पाण्यात तो असा कितीसा वेळ राहणार होता!

पण पाहुणे येतात का? गाडी निडी, नागोठणं करत कासूला थांबली, तेव्हा फलाटावर एक बाई टोपली घेऊन बसलेली बाबाजीने खिडकीतून बघितली. त्याला राहवेना. तो खाली उतरून टोपलीत वाकला, "ही काल रात्रीची हाय," म्हणाला, आणि बाई भांडायला उठली. भांडण रंगलं, बाबाजी हटेना म्हणून घरचे त्याला ओढायला उतरले, आणि गाडी निघून गेली. मितेशचे फोन येत राहिले. "आलोच, रिक्षा बघतोय." "आलोच, वडखळला अडकलोय."

जनू तळ्याच्या काठावर ताटकळत उभा होता. ऊन चढत होतं. गुडघाभर पाणी, त्याला तापायला कितीसा वेळ लागतो? "काढू का गो?" तो दर थोड्या वेळाने विचारायचा.

"काढलात आणि तेवढ्यात ते आले तर? हातात वीट घेऊन उभे राहणार काय?" काशीबाई म्हणायची.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रिक्षा दारात थांबली. बाबाजी, सीताबाई, मितेश, आणि थोरली सून भाविका. तिला सहावा महिना होता, प्रवासात पार दमून गेली होती. बाबाजीने पाणीसुद्धा घेतलं नाही, थेट धोतर खोचून तळ्यावर. जाळं टाकलं, ओढलं, आणि "आलाय!" म्हणून ओरडला. जाळ्यात जिताडा होता. त्याच्या पोटाशी वीट होती.

सगळे विटेकडे बघत राहिले. किमयाने डोळे मिटून घेतले.

"आमच्या तळ्यातले जिताडे विटेला धरून राहतात," काशीबाई म्हणाली. काय बोललो ते तिचं तिलाही कळलं नसावं.

बाबाजीने जन्मात जिवंत जिताडा पाहिला नव्हता, पण तसं कबूल करील तर तो बाबाजी कसला! त्याने गंभीरपणे मान हलवली. "व्हय, व्हय. जिताड्याला घर लागतं. घराला धरून असतो तो."

मग त्याने मासा चाचपला. वरून मऊ, पण आत बोट दाबलं तर दगडासारखा कडक आणि गार. त्याचा चेहरा उजळला. "बघ रं मितेश! याला म्हणतात ताजी मासळी. आतून कशी घट्ट हाय, आणि गार किती! खोल पाण्यातला जीव हाय हा." तो स्वतः गुडघाभर पाण्यात उभा होता.

"फडफडत कसा नाय?" मितेशने विचारलं.

"खानदानी मासा हाय. खानदानी मासा फडफडत नाय," बाबाजी म्हणाला. "आण ती सुपारी काढून. जेवल्या जेवल्या फोडू. मला पोरीचं घर पसंत हाय!"

किमया आत पळाली. ती रडत होती का हसत होती, ते तिलाच माहीत. काशीबाईने डोळे पुसत विळी घेतली. झालं होतं सगळं. देवाला नारळ फोडायचा तेवढा राहिला होता. आता जनूने फक्त गप्प बसायचं होतं.

जनू स्वयंपाकघरात आला, खिशातलं सुईचं थर्मामीटर काढून त्याने माशाच्या पोटाशी खुपसलं, आणि आकडा दोनदा वाचला. सुई काढून कल्ल्याशी वास घेतला. किंचित, अगदी किंचित. बाजारातल्या दहातल्या नऊ जणांना कळला नसता. आत बर्फ होता, पण बाहेरचं मांस आणि आतड्यांची जागा सकाळपासून कोमट पाण्यात भिजत होती.

"हा खायचा नाय," तो म्हणाला.

काशीबाईच्या हातातली विळी थांबली. "अवो, शिजवल्यावर काय होतंय? चांगला उकळते. जंतू मरतील."

"जंतू मरतील. त्यांनी करून ठेवलेली घाण कुठं जाईल? ती उकळून जात नाय."

"किमयाचा तरी विचार करा!"

ओटीवरून भाविकाचा आवाज आला, "काकू, मला डोक्याची आमटी द्या हां. कधीपासून खावीशी वाटतेय." बाबाजी मोठ्याने हसला, "दोन जीवांची हाय, तिला आधी वाढा!"

जनू दारात उभा राहिला. एका बाजूला किमया भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होती, दुसऱ्या बाजूला भाविका पोटावर हात ठेवून बसली होती. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन फाटावी. पोरीचा संसार आपल्याच हाताने मोडायचा म्हणजे काय असतं, ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. त्याने जिताडा उचलला आणि तसाच घेऊन ओटीवर गेला.

"बाबाजीशेठ, हा मासा मी तुमाला खायला देऊ शकत नाय. हा तळ्यातला नाय. पावसाळ्यापासून हाशिमशेठच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होता. मी तिथंच कामाला हाय. सकाळपर्यंत हा सोन्यासारखा होता, देवाशप्पथ. आमी याला विटेला बांधून तळ्यात सोडला आणि नासवला. तुमाला फसवलं, ते माझं पाप. पण ही दोन जीवांची पोर खाऊन आजारी पडली तर ते पाप मला झेपायचं नाय."

मग बाबाजी उठला. त्याचे कान लाल झाले होते. "बर्फाचा! मला बर्फाचा मासा! या बाबाजी भोईराला! चला रं, उठा सगळे. असल्या घरातली पोरगी नको आपल्याला." मितेश काही बोलायला गेला, तर त्याच्यावरही डोळे वटारले. किमया तशीच खाली बसली, तिने तोंडात पदर कोंबला.

"मी नाय येत," सीताबाई म्हणाली.

ही बाई आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. "मी बर्फातलीच मासळी खाते. तुमीपण खाता. रोह्यात हाशिमशेठची गाडी सुरू झाली, तेव्हापासून."

"काय बोलतेस काय तू?"

"रोज पहाटे उठून बाजारात कोण जाईल? आणि आणली तरी तुमी नाक मुरडणार. एकदा वाडीतल्या दुकानातून पेटीतली सुरमई आणली, गुपचूप रांधली. तुमी म्हणालात, कालच्या भरतीची हाय, वा! मग मी तीच आणत गेले. पेटीवर हाशिमशेठचं नाव असतं. फ्रीजमध्ये मटाराच्या पिशवीखाली ठेवते." ती जनूकडे वळली. "ती तुमी ठेवलेली असते?"

जनूने मान डोलावली.

"मग आज जेवायला तीच आणा. पोर भुकेली हाय."

जिताडा जनूने माडाच्या मुळाशी खोल खड्ड्यात पुरला, मांजराला मिळू नये म्हणून. मग सायकलला हात घातला, तर बाबाजी मागे येऊन उभा. "मी पण येतो," एवढंच म्हणाला. त्याला कॅरिअरवर बसवून जनूने वडखळपर्यंत पायडल मारलं.

हाशिमशेठच्या दारात जनूने स्वतःचा स्वेटर आणि कानटोपी काढून बाबाजीला घातली, स्वतः भिंतीवरचा जुना कोट घेतला. आत गेले. दार लागलं. पेट्यांच्या रांगाच रांगा, पांढरा धूर, आणि नाकाला कसलाही वास नाही. बाबाजीने सवयीने एका पेटीवर वाकून हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तो तिथेच पेटीवर बसला आणि रडायला लागला, लहान पोरासारखा, हुंदके देऊन.

"म्हणजे मला कळतच नाय," तो म्हणाला. "एवढी वर्षं. सगळा बाजार हसत असंल. मला चव कळतच नाय, जनूदादा."

जनूला खरं तर उट्टं काढता आलं असतं. ज्या माणसाने त्याच्या जन्माच्या कामाला मढं म्हटलं, तो त्याचाच स्वेटर घालून त्याच्यासमोर रडत होता. पण जनू त्याच्या शेजारच्या पेटीवर बसला.

"असं कसं नाय कळत? तुमाला चांगलंच कळतं," तो म्हणाला. "एक दिवस जरी मी दार उघडं टाकलं असतं, एक दिवस जरी मशीन बंद पडलं असतं, तर पहिल्या घासाला तुमी ताट फेकलं असतं. एवढ्या वर्षांत तुमी एकदाही ताट फेकलं नाय. मला कुणी कधी शाबासकी दिली नाय, बाबाजीशेठ. तुमीच तेवढी रोज देत होता, आणि मला आज कळलं."

बाबाजीने कानटोपीच्या टोकाने नाक पुसलं. मग त्याने पेट्यांच्या रांगांवरून नजर फिरवली. थंडीने त्याचे दात वाजत होते, तरी उठायचं नाव घेईना.

"हळदीच्या जेवणाला," तो शेवटी म्हणाला, "यातल्या किती पेट्या लागतील, व्याही?"